मूल वेप ओढतंय हे कळल्यावर: आईबाबांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दप्तराच्या आतल्या कप्प्यात किंवा जीन्सच्या खिशात वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, सापडली की मुलाला ताबडतोब समोर उभं करावंसं वाटतं. ती रात्र जाऊ द्या. एका रात्रीत सवय वाढून वाढून किती वाढणार? पण त्या रात्री घर डोक्यावर घेतलंत, तर मूल पुढच्या वेळी वस्तू अधिक चांगली लपवायला शिकेल, एवढंच होईल.

वेप जप्त करणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वात सोपं आणि सर्वात कमी उपयोगाचं काम आहे. निकोटिनची तल्लफ लागलेल्या मुलाला दुसरा वेप एका मेसेजवर मिळतो. तो नाही मिळाला तर नाक्यावरची टपरी आहेच. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण ती मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून क्रम असा ठेवा: वस्तू समजून घ्या, घरातल्या मोठ्यांचं एकमत करा, छोटं बोलणं करा, मूल निकोटिनवर किती अवलंबून आहे ते मोजा, आणि मगच सोडण्याचा बेत आखा. मूल आजारी दिसत असेल, म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, उलट्या असं काही असेल, तर मात्र हा क्रम बाजूला ठेवून थेट ‘तातडीची लक्षणं’ हा भाग वाचा.

१. हातात काय आहे ते बघा

वेपचे भाग चारच: लिथियमची बॅटरी, गरम होणारी बारीक तारेची कॉइल, कॉइलला चिकटून असलेला द्रव शोषणारा कापूस, आणि द्रवाची टाकी किंवा पॉड. ओढलं की कॉइल तापते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर फुप्फुसात जातात. तोंडातून निघतो तो धूर नव्हे आणि पाण्याची वाफही नव्हे. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे कणही त्यात उतरतात.

दिसायला ही वस्तू पेनड्राइव्ह, हायलायटर, लिपस्टिक किंवा लहान पॉवर बँकसारखी असते. एका टोकाला चपटं तोंड आणि दुसऱ्या टोकाला चार्जिंगचं भोक असेल, तर तो पेनड्राइव्ह नाही. एकदा वापरून टाकायच्या, म्हणजे डिस्पोजेबल प्रकारातही चार्जिंगची सोय असते. बॅटरी संपते तेव्हा टाकीत द्रव शिल्लक असतो, म्हणून.

आता लेबल वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ‘५ टक्के’ याचा अर्थ एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. म्हणजे २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम आणि १० मिलिलिटरच्या डिस्पोजेबलमध्ये ५०० मिलिग्रॅम. एक सिगारेट ओढली की शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं. द्रवातलं सगळं निकोटिन शरीरात पोचत नाही, त्यामुळे सरळ भागाकार करून ‘इतक्या सिगारेटी ओढल्यास’ असं मुलाला सुनावू नका. तो हिशोब चुकीचा आहे आणि मुलं ते लगेच ओळखतात. पण सिगारेट संपते, विझते. वेपला शेवट नसतो. अभ्यासाच्या टेबलावर बसून दिवसभर थोडं थोडं ओढता येतं आणि किती झालं याचा पत्ता ओढणाऱ्यालाही लागत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या जास्त तीव्रतेच्या द्रवाने घसा जळायचा आणि तोच एक ब्रेक होता. आता निकोटिनमध्ये बेन्झॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरतात. त्यामुळे पाच टक्क्यांचा दमसुद्धा आंब्याच्या सरबतासारखा घशाखाली उतरतो. चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी ठसका लागत नाही, तो यामुळे.

‘झिरो निकोटिन’ किंवा ‘हर्बल’ असं छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. भारतात वेप विकायला बंदी आहे, त्यामुळे हा माल चोरट्या वाटेने येतो. डब्यावरच्या मजकुराला जबाबदार कोणीच नसतं. द्रव घट्ट, मधासारखा, गडद पिवळा असेल, फ्लेवरऐवजी गांजासारखा उग्र वास येत असेल, तर ते गांजाचं तेल असू शकतं. तेव्हा मामला वेगळा होतो. आरोग्याच्या दृष्टीनेही आणि कायद्याच्या दृष्टीनेही, कारण तिथे अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा लागू होतो.

२. वस्तू सापडली नाही, नुसता संशय आहे

आंबा, पुदिना, ब्लूबेरी असा गोड वास बाथरूममधून येऊन पाच मिनिटांत नाहीसा होतो. सारखी तहान लागते आणि तोंड कोरडं पडतं, कारण प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेतं. कधी नाकातून रक्त येतं. एक्झॉस्ट फॅन अवेळी सुरू असतो, जेवण झाल्यावर ‘खाली जाऊन येतो’ची घाई असते, आणि तासाभराच्या प्रवासानंतर चिडचिड होते. यूपीआयच्या हिशोबात अनोळखी नावांना एकसारख्या रकमा गेलेल्या दिसतात.

यातलं एकही लक्षण पुरावा नाही. मुंबईच्या हिवाळी हवेत कोरडा खोकला निम्म्या शहराला असतो, आणि चिडचिड तर दहावीच्या वर्षाला घराघरात असते. तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या तर विचारा. चोरून फोन उघडू नका. मुलाच्या नकळत लघवीची कोटिनिन चाचणीही करू नका. ती चाचणी गेल्या तीन-चार दिवसांत निकोटिन शरीरात गेलं का, एवढंच सांगते. ते वेपचं, सिगारेटचं की तंबाखूचं, हेही सांगत नाही. एवढ्याशा माहितीसाठी मुलाचा विश्वास घालवणं हा फार महागडा सौदा आहे.

३. आधी तुम्ही दोघं बोला

मुलाशी बोलण्यापूर्वी आई आणि बाबा यांनी तीन गोष्टी ठरवायच्या: बोलणार कोण, कोणाला सांगणार, आणि परिणाम काय असेल. एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचं, असं झालं की मूल दोघांच्या मधली फट बरोबर शोधतं. ज्याच्याशी मूल एरवी जास्त बोलतं त्याने सुरुवात करावी. बाबांनीच ‘मर्दासारखं’ बोलायला हवं असा नियम नाही. वेप ओढणाऱ्यांत मुलीही आहेत. त्यांच्या बाबतीत ‘मुलीची जात’ हा सूर निघाला की संवाद तिथेच संपतो.

सांगायचं कोणाला? शक्यतो कोणालाच नाही. काका, मामा, क्लासचे सर, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, कोणीही नाही. वन बीएचके घरात आजी-आजोबांपासून लपवणं अवघड असतं हे खरं. त्यांना कळलंच तर एवढंच सांगा, ‘आम्ही बघतोय, तुम्ही त्याला काही बोलू नका.’

आणि घरातली तंबाखू. बाबा गॅलरीत सिगारेट ओढतात, आजी सकाळी मिश्री लावते, काकांच्या खिशात मळायची पुडी असते. मूल याकडे बोट दाखवणारच आणि ते रास्त आहे. ‘मोठ्यांचं वेगळं’ हे उत्तर चालत नाही. ‘मलाही सुटत नाही, त्यामुळे हे किती चिवट असतं ते मला माहीत आहे. आपण दोघं एकाच तारखेला थांबायचा प्रयत्न करू,’ हे मात्र चालतं. त्यासाठी खरोखर थांबावं लागतं, हा त्यातला अवघड भाग.

४. पहिलं बोलणं: पंधरा मिनिटं

पहिल्या बोलण्याचं काम एकच. दुसरं बोलणं शक्य व्हावं. कबुलीजबाब, माफी, शपथा यातलं काहीही त्या दिवशी मिळवायचं नाही.

जागा घराबाहेरची निवडा. मुंबईच्या घरात पडद्यापलीकडे कोणी ना कोणी ऐकत असतं. शेजारी शेजारी चालताना किंवा बसताना, नजरेला नजर न देता, मुलं जास्त बोलतात. समुद्राकाठी फेरी, शिवाजी पार्कला एक चक्कर, गाडी किंवा स्कूटर असेल तर परतीचा प्रवास. मुलाचे मित्र बसतात तो कट्टा टाळा. परीक्षेच्या आदल्या दिवशी, भूक लागलेली असताना किंवा क्लासहून नुकतं आल्यावर बोलू नका.

सुरुवात साधी आणि सरळ करा: ‘काल धुवायला घेताना तुझ्या जीन्समध्ये वेप मिळाला. मी ओरडायला नाही आले. मला कळून घ्यायचंय.’ मग गप्प बसा. ही शांतता पालकांना सोसत नाही आणि ते भाषण सुरू करतात. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा.

पहिलं उत्तर बहुधा ‘माझा नाही, मित्राचा आहे’ हे असतं. ते खोटं ठरवायला जाऊ नका. ‘असेल. तू कधी घेतलास का त्यातून?’ असं विचारा. दुसरं उत्तर, ‘सगळेच मारतात, त्यात काही नसतं.’ इथे वाद न घालता विचारा, ‘घेतल्यावर कसं वाटतं? न मिळाल्यावर?’ मुलाने स्वतःच्या तोंडून ‘डोकं दुखतं’, ‘लक्ष लागत नाही’ असं म्हटलं, तर तुमच्या दहा वाक्यांपेक्षा ते जास्त मोलाचं आहे. तिसरं उत्तर, ‘टेन्शन कमी होतं.’ हे त्याला खरंच तसं जाणवतं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग अस्वस्थता सुरू होते, पुढचा दम घेतला की ती जाते. म्हणजे वेप जे टेन्शन घालवतो त्यातलं बरंचसं त्यानेच आणलेलं असतं. हे एवढंच, दोन वाक्यांत सांगा.

भीती घालताना खोटं बोलू नका. ‘फुप्फुसात भोकं पडतात’ म्हणालात आणि मुलाने फोनवर शोधून ते खोडून काढलं, तर तुमचं खरं बोलणंही वाया गेलं. नक्की माहीत असलेल्या गोष्टी पुरेशा आहेत. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते आणि त्या काळात निकोटिनचा विळखा लवकर पडतो, लक्ष आणि मनःस्थितीवर परिणाम होतो. २०१९ साली अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसांच्या गंभीर इजांची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. त्यातल्या बहुसंख्य प्रकरणांत गांजाच्या तेलाचे वेप आणि त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट होतं. हा शेवटचा तपशील गाळू नका. द्रवात काय मिसळलंय ते कळत नाही, हाच तर मुद्दा आहे.

शेवट असा करा: ‘आजच्यासाठी एवढंच. घरात हे चालणार नाही हे नक्की आहे. पण थांबायला मदत लागली तर ती आम्ही करू. रविवारी परत बोलू.’ आणि रविवारी खरंच बोला.

काय बोलायचं नाही? ‘लोक काय म्हणतील’, ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’, ‘अमक्याचा मुलगा बघ’. आणि पहिल्याच दिवशी ‘कोणाकडून घेतलास, नाव सांग’. मित्राचं नाव फोडणं मुलांच्या जगात गद्दारी असते. तो प्रश्न तुम्हाला अख्ख्या संवादाची किंमत मोजायला लावेल.

५. किती अवलंबून आहे ते मोजा

दुसऱ्या बोलण्यात हे प्रश्न विचारा. चौकशीचा सूर नको. डॉक्टर विचारतात तसे विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा.

सकाळी उठल्यावर पहिला दम किती वेळाने? रात्री झोपेतून उठून घेतोस का? एक पॉड किंवा डिस्पोजेबल किती दिवस जातं? तीन तासांच्या पेपरला किंवा विरार ते चर्चगेट प्रवासात तळमळ होते का? थांबायचा प्रयत्न केला होतास का, किती दिवस टिकला? सिगारेट, गुटखा, हुक्का, गांजा यातलं आणखी काही?

यात सर्वात जास्त सांगणारा प्रश्न पहिला आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व चांगलंच आहे. पाच मिनिटांच्या आत किंवा झोपेतून उठून लागत असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टरकडे जा. फक्त शनिवारी मित्रांबरोबर, स्वतःचा वेप नाही, आठवडाभर आठवणही येत नाही, अशी उत्तरं असतील तर निकोटिनपेक्षा संगतीचा आणि हौसेचा प्रश्न मोठा आहे. अशा मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात नेणं म्हणजे उपाय रोगापेक्षा मोठा. त्याला मित्रांसमोर नकार देण्यासाठी एक वाक्य शोधून द्या. ‘घरी कळलंय, आता टेस्ट करतात’ हे निमित्त मुलांमध्ये मानलं जातं. तुम्ही टेस्ट करत नसलात तरी त्याला ते वापरू द्या.

६. वस्तूचं काय करायचं

शक्यतो मुलाने स्वतः आणून द्यावी, राखीवसकट. हातोडीने फोडू नका, गॅसजवळ नेऊ नका, पाण्यात बुडवू नका. लिथियम बॅटरी चेपली गेली की पेटू शकते. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. तोवर टोकाला चिकटपट्टी लावून, पिशवीत बांधून, लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. पाच टक्के द्रवाचा एक मिलिलिटरसुद्धा दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात गेला तर जीवावर बेतू शकतं. द्रव हाताला लागला तर साबणपाण्याने लगेच धुवा. तो कातडीतूनही आत जातो.

७. थांबण्याचा बेत

तारीख मुलाला निवडू द्या, पण दोन आठवड्यांच्या आतली. बोर्डाच्या परीक्षेचा आठवडा, ३१ डिसेंबर, कॉलेजचा फेस्टिव्हल, मित्रांची अलिबाग ट्रिप हे दिवस टाळा. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा, ज्यात आजोळी किंवा गावाला जाणं असेल, तो उत्तम. रोजचा रस्ता, रोजचा कट्टा, रोजची वेळ हे सगळं एकदम बदलतं.

हळूहळू कमी करायचं की एकदम बंद? सिगारेट मोजता येते, वेपचे दम मोजता येत नाहीत, म्हणून ‘हळूहळू’ बहुतेक वेळा महिनोन्महिने लांबतं. मुलाचा आग्रह असेल तर वेळेची बंधनं घाला: आधी उठल्यानंतरचा पहिला तास बंद, मग झोपण्यापूर्वीचा, मग घर पूर्ण बंद, आणि दोन आठवड्यांत शून्य. कमी तीव्रतेचं पॉड आणून देऊ नका. मुलं कमी तीव्रतेचं जास्त वेळा ओढून हिशोब पूर्ण करतात, आणि आणून देणारे तुम्ही ठरता.

तल्लफ कधी लागते त्याची यादी मुलाबरोबर करा आणि प्रत्येकीसमोर एक कृती लिहा. क्लास सुटल्यावर स्टेशनपर्यंतचा रस्ता: दुसऱ्या रस्त्याने किंवा न ओढणाऱ्या मित्राबरोबर. बाथरूम: फोन बाहेर, पाच मिनिटांत बाहेर. रात्रीचा गेम: हातात काकडी, शेंगदाणे, चिक्की. तल्लफेची एक लाट काही मिनिटांची असते आणि न ओढताही ओसरते. तेवढा वेळ थंड पाणी, साखर नसलेलं च्युइंगम, वेलदोडा, जिने उतरून चढणं. बडीशेप चालेल, पण सुपारी असलेलं मुखवासाचं पाकीट नको. सुपारी स्वतःच व्यसन लावते आणि तिने तोंडाचा कर्करोग होतो. ओठात ठेवायचे निकोटिनचे पाऊचही नकोत, ते तेच निकोटिन आहे.

काय होणार हे आधीच माहीत असलं की घर हादरत नाही. पहिल्या २४ तासांत चिडचिड, अस्वस्थता. दुसरा-तिसरा दिवस सर्वात वाईट: डोकेदुखी, राग, रडू, झोपेचं खोबरं. पहिल्या आठवड्यात अभ्यासात लक्ष लागत नाही. भूक वाढते आणि ती काही आठवडे राहते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. या दिवसांत मुलाने दार आपटलं तर तो निकोटिनचा राग आहे असं समजून सोडून द्या. त्या तीन दिवसांत मार्क, केस, मोबाइल यावरून नवी भांडणं काढू नका. घरातला सर्वात मोठा पुतण्या किंवा भाचा दुसऱ्या शहरातून येऊन ‘समजावणार’ असेल, तर त्यालाही तेव्हाच बोलावू नका.

पैशांवर लक्ष ठेवा पण पॉकेटमनी पूर्ण बंद करू नका. पास, वडापाव, झेरॉक्स याला पैसे लागतात. ते नसले की उधारी सुरू होते, आणि वेप विकणाऱ्याची उधारी फेडायला मूल स्वतःच चार मित्रांना माल पोचवू लागतं. आधीची उधारी आहे का ते विचारा. असेल तर ती एकदा तुम्ही मिटवा आणि विषय संपवा.

८. डॉक्टर आणि फोन

तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, मोफत. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ती २०१६ मध्ये सुरू झाली. मुलाने स्वतः फोन केला तर उत्तम. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर कोणत्याही वेळी चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधीपासून उदासी, अभ्यासातली मोठी घसरण, भीतीचे झटके, स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर वेप हा मूळ आजार नसून त्यावर मुलाने शोधलेला स्वतःचा उपाय असू शकतो. तेव्हा वेप काढून घेण्याआधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांग लागतेच, शाळेला त्या दिवशी दांडी धरून चाला. वस्तूच्या लेबलचा फोटो आणि पाचव्या भागातली लिहिलेली उत्तरं बरोबर न्या. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर बसा, आणि बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ असं विचारू नका.

निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगम केमिस्टकडे सहज मिळतं, म्हणून अठराखालच्या मुलाला ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अवलंबित्व जास्त असेल तर डॉक्टर ते देण्याचा निर्णय घेऊ शकतात, पण प्रमाण आणि मुदत त्यांनी ठरवायची. ते चघळण्याचीही पद्धत असते: चार-पाच वेळा चावायचं, चुरचुरलं की गालात ठेवायचं, चुरचुर गेली की परत चावायचं. साध्या च्युइंगमसारखं सलग चावलं तर उचक्या लागतात, मळमळतं, आणि मूल ‘औषध चालत नाही’ म्हणून सोडून देतं.

तातडीची लक्षणं

श्वास लागणं, छातीत दुखणं, ताप आणि खोकला काही दिवसांत वाढत जाणं, त्याबरोबर उलट्या: छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजनची तपासणी त्याच दिवशी करून घ्या आणि वेपबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाज वाटून हे लपवलं तर डॉक्टर न्यूमोनिया समजून उपचार करत राहतात. एका बैठकीत खूप ओढल्यावर चेहरा पांढरा पडणं, घाम, मळमळ, धडधड ही निकोटिन जास्त झाल्याची खूण. फिट येणं, शुद्ध हरपणं, भ्रम होणं किंवा लहान मुलाने द्रव गिळणं यात १०८ ला फोन करा किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत न्या. घरी उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. वेप बरोबर न्या.

९. शाळा आणि कायदा

भारतात वेपचं उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढण्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. म्हणून ‘पोलिसात देईन’ ही धमकी पोकळ आहे. मात्र मूल मित्रांना आणून देत असेल, त्यावर पन्नास-शंभर सुटत असतील, तर तो वितरणात आला. हे त्याला शांतपणे सांगितलंच पाहिजे. बहुतेक मुलांना याची कल्पना नसते. दुबई-बँकॉकहून येणाऱ्या मावसभावाकडून मागवणंही आयातच.

शाळेने किंवा कॉलेजने पकडलं तर बोलावल्यावर दोघांनी जा. मुलासमोर शिक्षकांशी भांडू नका आणि शिक्षकांसमोर मुलाला मारू नका. काय सापडलं, कुठे, कोणी पाहिलं ते विचारा. शिक्षा द्यायची असेल ती द्या, पण त्याबरोबर समुपदेशकाच्या भेटी ठरवून द्या, अशी मागणी करा. नुसतं आठ दिवस घरी बसवलं, तर मूल आठ दिवस एकटं, फोन आणि वेपसकट घरी असतं. विकणाऱ्याची तक्रार करायची असेल तर त्याचं सोशल मीडियावरचं हँडल, नंबर, यूपीआयचा तपशील याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलीस ठाण्यात तुम्ही जा. मुलाला सापळ्यासाठी वापरू नका.

१०. परत ओढलं तर

बहुतेक मुलं एकदा तरी परत ओढतात. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, आणि बहुधा एखाद्या पार्टीत किंवा भांडणानंतर. एक दम ही घसरण आहे, जुनी सवय परत जडणं वेगळं. तेव्हा विचारायचे प्रश्न तीन: कुठे होतास, त्याआधी काय झालं, आणि स्वतः विकत घेतलास की कोणी दिला? पहिल्या दोन उत्तरांनुसार सातव्या भागातली यादी बदला. तिसऱ्याचं उत्तर ‘विकत घेतला’ असेल, तर पुढची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांतून एकदा, तेच पंधरा मिनिटांचं चालत बोलणं चालू ठेवा. त्यातली पहिली दहा मिनिटं क्रिकेट, मित्र, कॉलेज यांची. वेपचा विषय मुलाने स्वतः काढला नाही तर शेवटी एकदाच विचारा, आणि उत्तर आलं की परत फिरा.